पिठावरचं पाऊल

शुक्रवारी सकाळी आई सांबारवडीचं, म्हणजे कोथिंबिरीचं, सारण परतत होती आणि मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून लॅपटॉपवर तळटिपा दुरुस्त करत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी पांढुर्ण्याहून माझी दिल्लीची गाडी होती. सोमवारी शिष्यवृत्तीची मुलाखत. ती चांगली झाली तर दहा महिने क्योटोला राहून प्रबंधाचा उरलेला भाग लिहायला मिळणार होता. प्रबंधाचा विषय आमच्या सौंसरच्या घरात सगळ्यांना पाठ होता, कारण तो सांगितला की पाहुणे हसत. जपानी साहित्यातली भुतं.

"कुठपर्यंत आली तुझी भुतं?" आईनं कढईवरून मान वर न करता विचारलं.

"पायांपाशी."

मी तिला सांगितलं, की तिकडच्या जुन्या चित्रांत भुताला पाय काढत नाहीत. कमरेखाली पांढरा कपडा धुरासारखा विरत जातो, आणि त्यावरूनच पाहणाऱ्याला कळतं, की ही बाई मेलेली आहे.

"आपल्या भुताचे पाय उलटे, अन् तिकडच्याले पायच नाही," आई म्हणाली. "बरं आहे बाप्पा. चपलीचा खर्च नाही." मग थोडं थांबून, "पण मंग ते येऊन गेलं हे घरच्यायले कळते कसं?"

या प्रश्नावर एक अख्खं प्रकरण लिहिता आलं असतं. मी ते तिला सांगायला लागले, तेवढ्यात तिनं झारा खाली ठेवला आणि जबड्याला हात लावला.

"दात दुखतो का?"

"दात नाही. इथून सुरू होते अन् हातात उतरते." डावा दंड तिनं उजव्या हातानं चोळला. "कालपासून दोनदा झालं. आज हे तिसरं."

दुखणं जबड्यातून डाव्या हातात उतरतं याचा अर्थ मी कुठेतरी वाचलेला होता. मी सगळंच वाचलेलं असतं.

"बाबांना सांगते."

"काही सांगू नको. आत्ताच्या आत्ता गाडी बोलावतीन अन् नागपूरले नेतीन. उद्या तुझं जाणं आहे. तू जाऊन ये, मंग पाहू."

मी "बरं" म्हटलं.

तिनं सारण ताटात काढलं, पारी लाटायला घेतली आणि मी परत तळटिपांकडे पाहिलं. त्या दिवशी आणखी काही घडलं नाही. संध्याकाळी वड्या तळून झाल्या, बाबांनी चार खाल्ल्या, आईनं उरलेल्या डब्यात भरून माझ्या बॅगेत ठेवल्या. ती हसत होती. मीही होते.

शनिवारी सकाळी माझा भाऊ मंगेश मला पांढुर्ण्याला सोडायला निघाला. बाबा दर शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जातात. त्या दिवशी त्यांनी आईलाही उठवलं. "चाल, पोरीच्या नावानं नारळ फोडू." आई म्हणाली, मी घरीच बसते. बाबा म्हणाले, अशानं पोरगी जपानला कशी जाईल. मग तिनं लुगडं बदललं. हे सगळं मी चपला घालताना ऐकलं.

गाडी आमल्याच्या पुढे गेली आणि मंगेशचा फोन आला. दर्शनाच्या रांगेत आई खाली बसली, ती उठली नाही. मी बैतूलला उतरले. परतीची गाडी मिळेपर्यंत फलाटावर बसून होते. डबा बॅगेत होता, आणि बॅग उघडली नसतानाही सांबाराचा वास येत होता.

*

बाबा सौंसरला पस्तीस वर्षं चित्रकलेचे मास्तर होते. त्यांना नेमकं बोलायची सवय आहे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते तीच चार वाक्यं त्याच क्रमानं सांगत. "ती नाही म्हणत होती. मीच नेलं. दीड तास रांगेत उभी केली. मला काही दिसलं नाही." पुंडलिकराव काका, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ, म्हणत, "दत्ता, आपल्या हातात का असते?" बाबा मान हलवत आणि पुढच्या माणसाला पहिल्यापासून सांगत. चौथ्या दिवसापासून ते जेवेनासे झाले. ताट समोर आलं की घास मोडत आणि तसाच ठेवून देत. पाचव्या दिवशी त्यांचं घड्याळ मनगटावरून घसरून कोपराकडे गेलेलं मी पाहिलं.

त्यांच्या एका वाक्याचं उत्तर माझ्याकडे होतं. ते मी देत नव्हते. त्याऐवजी मी वेगळ्याच कामाला लागले होते. मी संशय घेत होते.

संशय माझ्या वहिनीवर, मंगेशच्या बायकोवर होता. अमितावहिनी पांढुर्ण्याची. लग्नाला बारा वर्षं झाली. इथल्या एका खाजगी शाळेत शिकवते. घरातलं सगळं तीच पाहते, आणि आईच्या रक्तदाबाच्या गोळ्याही तीच देत असे. गोळ्यांच्या पाकिटावर ती पेनानं वार लिहायची. तिसऱ्या दिवशी ते पाकीट मला फ्रिजवर सापडलं. शनिवारचा खण भरलेला होता.

पाकीट मी माझ्या वहीत ठेवलं.

मग मला इतर गोष्टी दिसायला लागल्या. आईचा फोन वहिनीच्या उशाखाली. आईची दोन लुगडी धुऊन, घडी घालून कपाटात, एवढ्या लवकर. मी खोलीत आले की वहिनी आणि बाबांचं बोलणं थांबतं. रडताना ती माझ्याकडे पाहत नाही. मी एकेक गोष्ट वहीत लिहीत गेले, तारीख घालून, संशोधनात शिकवतात तसं.

कारणही माझ्याकडे होतं. वहिनी डावरी आहे. आईला ते कधी पचलं नाही. प्रसाद डाव्या हातानं दिला की आई हात मागे घ्यायची. भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात, तेव्हा दारापासून देवीपर्यंत पावलं काढायची असतात. मूठ कुंकवात बुडवायची, तिची कड जमिनीवर टेकवायची की तळवा उमटतो, मग बोटाच्या टोकानं पाच ठिपके. या बारा वर्षांत वहिनीला ती पावलं आईनं एकदाही काढू दिली नाहीत. "डाव्या हाताची लक्ष्मी घरात येत नसते," असं ती पाहुण्यांसमोर हसत म्हणायची. वहिनीही हसायची.

प्रबंधाच्या आधीच्या एका प्रकरणातलं भूत मेलेल्या माणसाचं नसतं. जिवंत माणूस झोपेत असताना त्याच्या मनातला राग अंगातून निघतो, दुसऱ्याच्या उशाशी जाऊन बसतो, त्याला आजारी पाडतो. सकाळी त्या माणसाला काहीच आठवत नसतं. मात्र केसांना कुठलासा अनोळखी वास येत राहतो. हे मी हजार वर्षांपूर्वीच्या दरबारी बायकांबद्दल लिहिलं होतं. आता मी वहिनीचे केस पाहत होते.

*

दहाव्याच्या संध्याकाळी काकांनी पीठ मांडायला सांगितलं. हे आमच्याकडे असतं. माणूस जिथे शेवटचं निजवलं होतं, तिथे परातीत गव्हाचं पीठ चाळून सपाट करायचं. शेजारी दिवा लावायचा आणि वरून वेताची टोपली पालथी घालायची. सकाळी टोपली उचलायची. पिठावर जे उमटलेलं असेल त्यावरून कळतं, की गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं. पक्ष्याचा पंजा, गाईचा खूर, साप गेल्यासारखी रेघ, माणसाचं पाऊल. काही उमटलं नाही तर त्याबद्दल मोठी माणसं बोलत नाहीत.

बाबांनी परात स्वतः पुसली. पीठ स्वतः चाळलं.

मी सकाळी पाचला उठले. बैठकीत कोणी नव्हतं. मी टोपली उचलली. दिवा बारीक झाला होता. पीठ कोरं होतं, चाळणीतून पडलं होतं तसंच. मी फोन काढून एक फोटो घेतला. कशासाठी, हे तेव्हा मला अगदी स्वच्छ माहीत होतं. पाय नसलेल्या भुतांच्या प्रकरणात ही तळटीप फार चांगली बसणार होती. टोपली परत ठेवून मी आंघोळीला गेले.

सहाला सगळे जमले. काकांनी टोपली उचलली.

पिठावर पाऊल होतं. लहानसं, ठसठशीत, पाच बोटांचं.

"माणसाचा जन्म!" काका म्हणाले आणि त्यांना हुंदका आला. मंगेश तिथेच खाली बसला. वहिनीनं पदर तोंडाला लावला. बाबा परातीवर वाकले, बराच वेळ पाहत राहिले, मग हात जोडले. 

मी पावलाचा अंगठा पाहत होते. तो उजव्या बाजूला होता. पाऊल डावं होतं.

उजव्या मुठीनं उजवं पाऊल उमटतं. डाव्यासाठी डावी मूठ लागते. ज्याला काही लपवायचं नाही, तो मेलेल्या माणसाच्या वतीनं खोटी खूण कशाला करेल? मला वाटलं, सापडलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

*

वहिनी मागच्या अंगणात चहाची भांडी घासत होती. मी जाऊन उभी राहिले.

"पिठाला तुम्ही हात लावलात."

"कोण म्हणते?"

"डावं पाऊल आहे, वहिनी. या घरात डाव्या हातानं पावलं कोण काढतं?"

"या घरात डाव्या हातानं पावलं कोणीच नाही काढली आजवर." तिनं पातेलं पालथं घातलं. "काढू कुठं दिली?"

मी फोन तिच्यासमोर धरला. कोरं पीठ, वर वेळ लिहिलेली, पाच वाजून सात मिनिटं. तिनं फोटो पाहिला, मग मला.

"तुम्ही टोपली उचलली? सगळ्यायच्या अगोदर?"

मी फोन मागे घेतला.

"अन् फोटो काढला. ताई, तुम्ही आईंले पुस्तकात टाकून राहिल्या का?"

"मी विचारतेय त्याचं उत्तर द्या."

"देते ना. घाबरते काय कोणाले?" ती उठली, ओले हात पदराला पुसले. "हाव, मीच केलं. साडेपाचले दिव्यात तेल घालाले गेली. टोपली जराशी वर केली तर पीठ कोरं. चार दिवसांपासून बाबा मले विचारून राहिले, 'अमिता, काहीच नाही उमटलं तर? म्हणजे ती रागावून आहे का?' एक घास जात नाही त्यायच्या पोटात. मंग मी का करायचं होतं? कोरं पीठ दाखवायचं होतं? उजव्यानं करायले गेली तर मूठ नीट बसे नाही. मंग डाव्यानं केलं. एका झटक्यात उमटलं."

तिनं आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. "आईंचं पाऊल पहिल्यांदा काढलं मी. अन् तेही हे असं."

मी वही उघडली आणि गोळ्यांचं पाकीट तिच्यापुढे धरलं. आता वाटतं, तेवढं तरी करायला नको होतं.

"शनिवारची गोळी राहिली आहे."

वहिनीनं पाकिटाकडे पाहिलं आणि तिला हसू आलं, अगदी छोटंसं. "अच्छा. म्हणजे असं आहे. मी म्हटलं, ताई दहा दिवस वहीत का लिहून राहिल्या." मग तिनं शाळेतल्या पोरांना सांगावं तसं सांगितलं. "शनिवारी आईंचा उपास. उपाशी पोटी गोळी चढते म्हणून त्या संध्याकाळी फराळ करून घेत. दर शनिवारी. मंगेशले विचारा, बाबांले विचारा. तुम्हाले माहीत नाही, तुम्ही इथं असता कुठं?"

"फोन तुमच्या उशाखाली असतो."

"वाजला की बाबा उचलतात अन् पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगतात. म्हणून लपवून ठेवला. अजून काही? लुगड्यांचं विचारायचं असन तर तेही विचारा. एकाले जामसांवलीची माती लागली होती, बाबा ती माती हातानं चाचपत बसत. दोन्ही धुऊन टाकली."

लुगड्यांचं मी विचारणारच होते. आता विचारण्यासारखं काही उरलं नाही.

"मी एक विचारू का तुम्हाले?" वहिनी म्हणाली. आवाज खाली आला होता. "शुक्रवारी मी शाळेत होती. दिवसभर तुम्ही त्यायच्या जवळ बसल्या होत्या. त्या काही म्हणाल्या नाही का? दुखते-खुपते? बाबा एकच म्हणून राहिले, कोणाले तरी बोलली असन. मले नाही बोलल्या. मी डावरी, मले काऊन सांगतीन? पण तुम्ही..."

"नाही," मी म्हटलं.

वहिनीनं मान डोलावली. विश्वास ठेवला तिनं. ती परत भांड्यांपाशी बसली.

मी तिथेच उभी होते. वहीत सात नोंदी होत्या. सातही खोट्या निघाल्या होत्या आणि आठवी, खरी, मी लिहिलीच नव्हती. दहा दिवस या घरात एक जिवंत माणूस दुसऱ्याच्या उशाशी जाऊन बसत होतं, हे मात्र मला बरोबर कळलं होतं.

*

काका आणि मंगेश बाहेर ओसरीवर थांबले होते. पीठ नदीत सोडायला जायचं होतं. बाबा परात घेऊन बाहेर येत नव्हते. काका म्हणाले, "वृषाली, आत जाऊन पाह्य बरं जरा."

बाबा बैठकीत भिंतीला टेकून बसले होते. परात मांडीवर होती.

"ये. बस." मी बसले. "हे अमितानं केलं आहे," ते म्हणाले.

"तुम्हाला कळलं?"

"जन्मभर पोट्ट्यायच्या हातचं पाहिलं. मुठीचं पाऊल मला ओळखू येणार नाही?" त्यांनी ठिपक्यांवरून, न लावता, बोट फिरवलं. "तिला सांगू नको, मला कळलं म्हणून. पाह्य, करंगळी किती जपून टेकवली. हात चांगला आहे तिचा. तुझ्या आईनं उगाच..." ते थांबले. "पण म्हणजे पीठ कोरं होतं."

"हो, बाबा."

"म्हणजे ती गेली नाही."

बाहेर काका खाकरले. बाबांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"तुमच्या तिकडच्या भुतांले पाय नसतात म्हणे," ते म्हणाले. "शनिवारी ऑटोमध्ये तुझी आई सांगत होती. चपलीचा खर्च नाही म्हणे. हसत होती चांगली. मग मधेच गप झाली अन् हात चोळायला लागली. मी म्हटलं, काय झालं? म्हणे, थंडी वाजून राहिली. मी तिला माझी शाल दिली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "थंडी नव्हती, वृषाली. अकरा वाजले होते. ऊन होतं. मी शाल दिली."

त्यांनी परात मांडीवर सरळ केली.

"त्या गोष्टींमध्ये मग कसं करतात? पाय नाही, तर गेलं हे कळते कसं?"

आईचाच प्रश्न. मी उत्तर दिलं, कारण ते मला येत होतं. "जुन्या नाटकांत एक फिरता भिक्षू असतो. तो त्या जागी येऊन बसतो. जे अडकलेलं असतं, त्याचं काहीतरी बोलायचं राहिलेलं असतं. तो विचारतो आणि ऐकतो."

"मग?"

"बोलून झालं की ते जातं."

"मंत्र नाही, नारळ नाही?"

"नाही. फक्त ऐकायचं."

बाबांनी परात हलकेच बाजूला ठेवली. मांडी सावरली. दहा दिवस दिवा जिथे जळत होता, त्या कोपऱ्याकडे तोंड केलं आणि वर्गात मागच्या बाकावरच्या लाजऱ्या मुलाला बोलतं करावं, तशा आवाजात म्हणाले, "बोल, प्रेमा. काय असेल ते बोल. मी ऐकून राहिलो."

आणि ते वाट पाहायला लागले. घड्याळ कोपरापर्यंत घसरलेलं, कान कोपऱ्याकडे. कोपऱ्यात काजळीचा एक डाग होता. ते खरोखर ऐकत होते. तसे ते दिवसभर बसले असते, उद्याही बसले असते, आणि तिकडून काही येणार नव्हतं. आईचं बोलायचं काही राहिलं नव्हतं. तिनं सांगून टाकलं होतं, शुक्रवारी सकाळी, झारा खाली ठेवून.

"बाबा," मी म्हटलं. "इकडे पाहा."

त्यांनी पाहिलं.

"आईला आदल्या दिवशीच दुखत होतं. जबडा आणि डावा हात. गुरुवारपासून, तीनदा. तुम्हाला दिसलं नाही, कारण तिनं ते लपवलं. पण मला सांगितलं होतं. काय असू शकतं हे मला माहीत होतं, बाबा. तिनं सांगू नको म्हटलं आणि मी बरं म्हटलं, कारण तुम्हाला सांगितलं असतं तर माझी गाडी चुकली असती."